अनोळखी मुलखात हातातला नकाशा

इंग्लंडला मुलाकडे किंवा मुलीकडे राहून आलेल्या मराठी आई-वडिलांच्या छायाचित्रांत एक छायाचित्र हमखास असते. लंडनमधील ग्रीनिचच्या टेकडीवर, जुन्या वेधशाळेच्या आवारात, जमिनीत बसवलेल्या धातूच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय ठेवून आजोबा उभे असतात. एक पाय पूर्व गोलार्धात, दुसरा पश्चिम गोलार्धात. हेच शून्य रेखावृत्त. जॉर्ज एअरी यांनी १८५१ साली कार्यान्वित केलेल्या दुर्बिणीने ते निश्चित झाले आणि १८८४ मध्ये वॉशिंग्टन येथील परिषदेने ते जगाचे मूळ रेखावृत्त म्हणून स्वीकारले. अशा वेळी बरोबरच्या नातवाने खिशातून तळहातावर मावणारे जीपीएस यंत्र बाहेर काढले, तर मात्र गोंधळ उडतो. पडद्यावर शून्य येतच नाही. शून्य अंश ०.०८९ मिनिटे पश्चिम, असा काहीसा आकडा तेथे उमटतो. यंत्रावर शून्य पाहायचे असेल तर पट्टी सोडून पूर्वेला सुमारे १०२ मीटर चालत जावे लागते.

यंत्र बिघडलेले नसते आणि एअरीही चुकलेले नव्हते. एअरींनी उभी दिशा ठरवली ती त्या जागेच्या गुरुत्वाकर्षणावरून, म्हणजे ओळंबा जिकडे लोंबेल ती दिशा प्रमाण मानून. पृथ्वीच्या पोटातील वस्तुमान सर्वत्र सारखे नसल्यामुळे ओळंबा काही ठिकाणी किंचित कलतो. ग्रीनिचलाही तो कलतो. जीपीएसचे उपग्रह मात्र संपूर्ण पृथ्वीच्या वस्तुमान-केंद्राभोवती फिरतात आणि त्यांची मोजणी त्या केंद्रापासून होते. मोजणीचे दोन प्रामाणिक पाये, आणि त्यांच्यात शंभर मीटरचे अंतर. परदेशात हातात यंत्र घेऊन हिंडणाऱ्याने हे अंतर आरंभीच ध्यानात घेतलेले बरे, कारण पुढची बहुतेक फजिती याच जातीची असते.

अलीकडे परदेशस्थ मराठी कुटुंबांतील मुले आजी-आजोबांना घेऊन ज्या खेळाला बाहेर पडतात, त्या जिओकॅशिंगचा जन्मही असाच एका आकड्याच्या बदलातून झाला. जीपीएस ही अमेरिकेच्या संरक्षण खात्याची व्यवस्था. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरील उपग्रह सतत संकेत पाठवतात आणि हातातील यंत्र ते केवळ ऐकते. सामान्य नागरिकांना मिळणाऱ्या संकेतांत पूर्वी हेतुपुरस्सर चूक मिसळली जात असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दाखवली जाई. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशाने २ मे २००० च्या प्रारंभी ही भेसळ थांबली. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, ऑरेगन राज्यातील बीव्हरक्रीक या गावाजवळच्या रानात डेव्ह अल्मर यांनी एक बादली अर्धवट पुरून ठेवली. तीत पुस्तके, संगणक-प्रणाली, एक गलोल अशा वस्तू होत्या आणि एक वही. मग त्यांनी त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. नियम एवढाच होता की काही घ्यावे, काही ठेवावे आणि वहीत नोंद करावी. काही दिवसांतच माइक टीग यांना ती सापडली, आणि बघता बघता हा खेळ जगभर पसरला.

‘कॅश’ हा शब्द ऐकून मराठी मनात रोकड येते, पण येथे त्याचा अर्थ लपवलेला ठेवा. ठेवा म्हणजे तरी काय, तर पाणी न शिरणारी एक डबी, तीत गुंडाळलेला कागद आणि फार तर चार किरकोळ चिजा. एखादी वस्तू घेतली तर तितक्याच किंवा अधिक मोलाची वस्तू मागे ठेवायची. पुण्या-कोल्हापुराहून गेलेल्या आजीने पिशवीतून कोल्हापुरी चपलेच्या आकाराची किल्लीसाखळी काढून त्या डबीत ठेवावी आणि नातीने वहीत देवनागरीत नाव लिहावे, असा हा निरुपद्रवी आनंद आहे. खाण्याचा पदार्थ ठेवण्यास सक्त मनाई असते, कारण वासाने रानातील प्राणी डबीपाशी येतात आणि त्यांनाच इजा होते. डबीसाठी जमीन खणणेही आता नियमात बसत नाही. अल्मर यांची पहिली बादली आजच्या नियमांनी नामंजूर झाली असती!

ठेवा लपवणारा जागेचे आकडे जाहीर करतो. ते यंत्रात भरले की यंत्र बाण दाखवते आणि अंतर सांगते. ज्यांनी हा खेळ फक्त शहरातील उद्यानांत खेळला आहे, त्यांना एवढ्यावर भागते असे वाटते. पण बाण सरळ रेषेत दाखवतो. पक्ष्याला तो पुरेसा आहे, माणसाच्या वाटेत मात्र ओढा असतो, कुंपण असते, दलदल असते. ते सारे दाखवण्याचे काम नकाशाचे, आणि नेमका तोच पुष्कळदा यंत्रात नसतो.

येथे एक गैरसमज फार रूढ आहे. जीपीएस जगात कोठेही चालते, हे खरे. त्याला इंटरनेट लागत नाही, सिमकार्ड लागत नाही. यामुळे नकाशाही आपोआप येत असेल, अशी समजूत होते. उपग्रह नकाशा पाठवत नाहीत. ते फक्त वेळ आणि स्वतःची जागा कळवतात. नकाशा यंत्राच्या स्मृतीत आधीच भरलेला असावा लागतो. बहुतेक यंत्रांत जगाचा एक ढोबळ नकाशा असतो. त्यात मोठी शहरे, महामार्ग आणि देशांच्या सीमा एवढेच दिसते. तपशीलवार नकाशा भरलेला असलाच, तर तो यंत्र ज्या देशात विकले गेले त्या भागाचा. म्हणून अमेरिकेत राहणाऱ्या भाच्याने भेट दिलेले उत्तम यंत्र इंग्लंडच्या खेड्यात सुरू केले की पांढऱ्या पडद्यावर एक त्रिकोणी खूण आणि दूरवर एक रस्ता दिसतो. जागा अचूक असते, भोवताल कोरा असतो.

कोऱ्या पडद्याने काय बिघडते, हे पाहायचे तर इंग्लंडच्या नैऋत्येकडील डेव्हन परगण्यात, डार्टमूरच्या पठारावर जावे. या खेळाची आजीही तेथेच भेटते. १८५४ साली चॅगफर्ड गावच्या जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने पठाराच्या ऐन मध्यातील क्रॅनमियर पूल या दुर्गम जागी एक काचेची बरणी ठेवली. तेथवर पायी पोहोचणाऱ्याने आपले नाव छापलेले कार्ड तीत टाकायचे. पुढे लोक स्वतःला किंवा आप्तांना लिहिलेली पत्रे तेथे ठेवू लागले, आणि नंतर येणारा प्रवासी ती उचलून टपालात टाकी. यातूनच लेटरबॉक्सिंगचा छंद वाढला आणि आजही तेथील खडकांच्या आड शिक्के आणि वह्या असलेल्या डब्या दडलेल्या आहेत. उपग्रह नव्हते तेव्हापासून तेथे लोक होकायंत्र आणि कागदी नकाशा यांच्या बळावर हाच खेळ खेळत आले आहेत.

डार्टमूर हे १९५१ पासून राष्ट्रीय उद्यान असून त्याचे क्षेत्र साडेनऊशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. उंची फारशी नाही. सर्वोच्च माथा ६२१ मीटर, म्हणजे सिंहगडाच्या निम्माही नव्हे. सह्याद्रीतील कडे चढलेल्या माणसाला ते पठार पाहून हसू येण्याचा संभव आहे, आणि तेथेच तो चुकतो. सह्याद्रीत वाट चुकली तरी डोंगराची सोंड, खिंड, खालच्या गावाचे कौल दिसते. डार्टमूरवर गवताळ माळ, त्यावर ग्रॅनाइटचे सुळके आणि पुन्हा तसाच माळ. धुके उतरले की दहा पावलांवरचे दिसेनासे होते. हिरव्यागार दिसणाऱ्या शेवाळी पट्ट्याखाली गुडघाभर दलदल असते. पुष्कळ ठिकाणी मोबाइलला संपर्क मिळत नाही, म्हणजे फोनवरचा ऑनलाइन नकाशा तेथे उघडतच नाही. आणि उत्तर भागात लष्कराच्या सरावाची तीन क्षेत्रे आहेत. गोळीबार चालू असतो त्या दिवशी सीमेवर लाल बावटे आणि रात्री लाल दिवे लावतात. क्रॅनमियर पूल स्वतः अशाच एका क्षेत्रात आहे. कोऱ्या पडद्यावरचा बाण ना दलदल ओळखतो, ना लाल बावटा. दोन नातवंडे आणि सत्तरीचे आजोबा बरोबर असताना त्या बाणाच्या मागे जाणे हा खेळ राहत नाही.

म्हणून नकाशा घरूनच भरून नेला पाहिजे. त्याचे मार्ग मुख्यतः दोन. पहिला, यंत्राच्या उत्पादकाकडून विकत घेण्याचा. ब्रिटनची सरकारी सर्वेक्षण संस्था ऑर्डनन्स सर्व्हे. तिचा उगम १७९१ चा, फ्रेंच आक्रमणाच्या भीतीतून. लष्करासाठी सुरू झालेल्या या संस्थेचे १:२५,००० प्रमाणाचे नकाशे आज खेड्यातल्या पुस्तकांच्या दुकानातही मिळतात. शेताचे कुंपण, झरा, पायवाट सारे त्यात असते. मराठी माणसाला याचे नवल वाटते, कारण सर्वे ऑफ इंडियाच्या तपशीलवार टोपोशीटसाठी एके काळी किती खेटे घालावे लागत, हे जुन्या गिर्यारोहकांना चांगले ठाऊक आहे. भारतात २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरिकांसाठी वेगळी मालिका आली आणि २०२१ च्या फेब्रुवारीत नियम बरेच सैल झाले. ऑर्डनन्स सर्व्हेचे नकाशे गार्मिनच्या यंत्रांसाठी छोट्या कार्डावर विकत मिळतात. ते उत्तम असतात, पण स्वस्त नसतात. तीन आठवड्यांच्या मुक्कामासाठी तो खर्च करावा का, हे प्रत्येकाने आपल्या खिशाला विचारावे. एक गोष्ट मात्र तपासून घ्यावी. कार्डावर घेतलेला नकाशा कार्डाबरोबर दुसऱ्या यंत्रात जातो; संगणकावरून उतरवून घेतलेला नकाशा बहुधा एकाच यंत्राच्या क्रमांकाशी बांधलेला असतो. मित्राच्या यंत्रातून त्याची नक्कल करून घेण्याचे उद्योग चालतात. ते बेकायदेशीर आहेतच, शिवाय दुसरा मार्ग मोकळा असताना अगदी अनावश्यक आहेत.

तो दुसरा मार्ग म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप. याची जन्मभूमीही ब्रिटनच. सरकारी पैशातून तयार झालेली नकाशाची माहिती नागरिकालाच दाम मोजून आणि अटी पाळून घ्यावी लागते, ही गोष्ट स्टीव्ह कोस्ट या तरुणाला पटेना. २००४ साली त्याने कल्पना मांडली की लोकांनी जीपीएस घेऊन फिरावे, चाललेल्या वाटा नोंदवाव्यात आणि जगाचा नकाशा स्वतःच काढावा. आज या नकाशात अगदी आडवाटेची खेडी, पाणवठे, कुंपणावरून पलीकडे जाण्याच्या पायऱ्याही सापडतात, आणि काम मुख्यतः स्वयंसेवकांचे. सरकारी संस्थेनेही १ एप्रिल २०१० पासून आपल्या माहितीचा काही भाग सर्वांना खुला केला. जिओकॅशिंगच्या मुख्य संकेतस्थळाने २०१२ मध्ये गूगलचे नकाशे महाग पडू लागल्यावर याच लोकनकाशाचा आधार घेतला होता.

ही माहिती थेट यंत्रात घालता येत नाही. ती यंत्राला कळणाऱ्या स्वरूपात बदलावी लागते. ते काम करणारी ‘एमकेजीमॅप’ ही प्रणाली विनामूल्य आहे. परंतु सामान्य प्रवाशाने त्या खटाटोपात पडण्याचे कारण नाही, कारण काही मंडळी ठरावीक काळाने देशवार तयार नकाशे बनवून ठेवतात. ओपनटोपोमॅप आणि जर्मनीतील फ्राइत्साइटकार्टे ही त्यांपैकी ठळक नावे. डोंगराळ भागासाठी समोच्च रेषा असलेला नकाशा निवडावा. या रेषांचा एक मोठा आधार म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानाने अकरा दिवसांत केलेले रडार सर्वेक्षण. ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण एवढा पट्टा त्यात मोजला गेला. त्यामुळे डेव्हनसाठी त्याचा उपयोग होतो, नॉर्वेच्या उत्तर भागासाठी नाही. अशा रेषांवरून चढ किती आहे ते कळते. दहा मीटरचा कडा मात्र त्यांत हरवू शकतो.

प्रत्यक्ष कृती सोपी आहे, तरी अडखळण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. आपल्या यंत्राला कार्ड घालण्याची खाच आहे की नाही, हे सर्वप्रथम पाहावे. गार्मिनच्या ईट्रेक्स मालिकेतील १० क्रमांकाच्या यंत्राला ती नाही, २० आणि ३० ला आहे. दुकानात तिन्ही शेजारी ठेवलेली असली तर फरक लक्षातही येत नाही. नकाशाची फाइल कार्डावरील ‘गार्मिन’ नावाच्या कप्प्यातच ठेवावी लागते. जुनी यंत्रे फक्त ‘जीमॅपसप्प’ या एकाच नावाची फाइल वाचतात (इंग्रजीत शेवटी दोन पी). नाव एका अक्षराने चुकले तरी यंत्र कसलीही तक्रार न करता कोराच पडदा दाखवते. नव्या यंत्रांत अनेक फाइली वेगवेगळ्या नावांनी चालतात. फॅट ३२ पद्धतीने तयार केलेल्या कार्डावर एक फाइल चार गिगाबाइटपेक्षा मोठी मावत नाही. म्हणून सबंध युरोप एकाच फाइलमध्ये कोंबण्याचा मोह टाळावा आणि ज्या देशात जायचे त्याचाच नकाशा घ्यावा.

यानंतरची एक गोष्ट करायला दहा मिनिटे लागतात आणि ती जवळजवळ कोणीच करत नाही. विमानात बसण्यापूर्वी, घरच्या सोप्यात बसून यंत्र सुरू करावे आणि पडद्यावरचा नकाशा सरकवत डेव्हनपर्यंत न्यावा. चॅगफर्डचे रस्ते, पठारावरच्या वाटा, समोच्च रेषा दिसल्या तर काम झाले. दिसल्या नाहीत तर घरचा संगणक आणि इंटरनेट हाताशी असतात. हाच शोध तेथील पाहुणघरात, दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचे असताना लागला तर मात्र सारा बेत बिघडतो.

लपवलेल्या ठेव्यांची माहितीही अशीच आधी भरून घेता येते. संकेतस्थळाचे शुल्क भरणाऱ्या सभासदांना एका मागणीत एक हजारापर्यंत ठेव्यांची यादी वर्णनासह एका फाइलमध्ये मिळते. हाताने आकडे भरणाऱ्यांनी मात्र जपावे. हा खेळ अंश आणि दशांश मिनिटे या पद्धतीने चालतो. मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे उत्तर-दक्षिण दिशेत १.८५ मीटर, इतकी ती सूक्ष्म आहे. पण फोनवरील नकाशा पुष्कळदा दशांश अंश दाखवतो. ५०.५ अंश म्हणजे ५० अंश ३० मिनिटे. त्याला ५० अंश ५० मिनिटे समजून बसले की ठेवा सदतीस किलोमीटर दूर जातो.

आणि मग ग्रीनिचच्या पट्टीसारखाच तो दुसरा घोटाळा. जिओकॅशिंगचे सर्व आकडे ‘डब्ल्यूजीएस ८४’ या जागतिक पायावर असतात. ब्रिटनच्या कागदी नकाशावरचे चौकोनी जाळे मात्र वेगळ्या पायावर उभे आहे. एअरी यांनीच १८३० मध्ये पृथ्वीच्या आकाराचे जे माप दिले, त्यावर. भारताच्या जुन्या टोपोशीटमागेही त्याच काळातील एव्हरेस्ट यांचे माप आहे. यंत्राच्या मांडणीत चुकीचा पाया निवडला गेला तर डेव्हनमध्ये सुमारे शंभर मीटरची तफावत पडते. उद्यानातल्या बाकाखालची डबी शोधताना त्याने फक्त वेळ जातो; धुक्यात दलदलीच्या काठावर शंभर मीटर ही फार मोठी गोष्ट आहे. तेव्हा यंत्र एरवी जागतिक पायावरच ठेवावे, आणि ‘ब्रिटिश ग्रिड’ ही मांडणी कशी बदलावी हे आधी शिकून घ्यावे. अडचणीत ९९९ किंवा ११२ या क्रमांकावर मदत मागितली तर तेथील बचाव पथकाला डार्टमूरवरील जागा इंग्रजी ‘एस’ आणि ‘एक्स’ या दोन अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाने सांगणे सर्वांत सोयीचे. संपर्क मिळत नसेल तर उंच जागी जाऊन पाहावे.

बाकीची तयारी घरातल्या शहाण्या माणसाला सांगावी लागत नाही. मुंबईहून सात हजार किलोमीटर दूर बंद अवस्थेत नेलेले यंत्र तेथे पहिल्यांदा सुरू केल्यावर जागा ओळखायला काही मिनिटे घेते. तेवढा वेळ ते उघड्यावर धरून शांत उभे राहावे. पेन्सिल सेलची एक जादा जोडी खिशात असावी. कागदी नकाशा आणि होकायंत्र बरोबर हवेतच, आणि निघण्यापूर्वी लष्कराने जाहीर केलेल्या गोळीबाराच्या वेळा पाहाव्यात. त्या कोणत्याही यंत्रातील नकाशात नसतात. दगडी गडग्यांचे दगड डबी शोधण्यासाठी हलवू नयेत. वसंतात आणि उन्हाळ्याच्या आरंभी माळावरचे पक्षी जमिनीवरच घरटी करतात, तेव्हा वाट सोडून गवतात शिरताना पाऊल जपून टाकावे.

परतीच्या प्रवासासाठीही एक सूचना आवश्यक आहे. साधे जीपीएस यंत्र केवळ संकेत ऐकते. पण इनरीचसारखी काही यंत्रे उपग्रहामार्फत संदेश पाठवतातही, आणि अशी यंत्रे परवान्याशिवाय भारतात बाळगणे गुन्हा ठरतो. विमानतळावर प्रवाशांना त्यासाठी अडवले गेले आहे. परदेशस्थ मुलाने काळजीपोटी घेऊन दिलेले असे यंत्र तिकडेच ठेवून यावे.

डार्टमूरहून परतलेल्या कुटुंबाकडे बहुधा एक लहानशी गोष्ट शिल्लक राहते. ओढ्यावर टाकलेली एक शिळा त्यांनी ओलांडलेली असते आणि नकाशात ती नसते, किंवा नकाशात दाखवलेले फाटक जागेवर नसते. यंत्राने चाललेली वाट नोंदवून ठेवलेली असतेच. ओपनस्ट्रीटमॅपवर खाते उघडायला पैसे लागत नाहीत आणि सांगली-सोलापुरात बसूनही डेव्हनमधील तो ओढा दुरुस्त करता येतो. तेथे गावांच्या मराठी नावांसाठीही स्वतंत्र जागा आहे. आपल्या तालुक्यातील किती वाड्यांची नावे तेथे अजून भरलेली नाहीत, हे त्याच बैठकीत पाहता येते. केलेली दुरुस्ती मूळ नकाशात लगेच नोंदवली जाते, आणि पुढच्या वेळी कोणी ब्रिटनचा नकाशा कार्डावर उतरवून घेईल तेव्हा ओढ्यावरची ती शिळा त्याच्या पडद्यावर असते.